झाकणाची बादली

निवृत्त माणसाच्या मागे काही ना काही राहतं. कुणी लावलेलं झाड राहतं, कुणी घालून दिलेली शिस्त राहते, कुणाच्या नुसत्या तक्रारी राहतात. मी ज्या ज्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, तिथं माझ्यामागे एक बादली राहिली. झाकणाची, स्वच्छ पाण्यानं भरलेली. बायकांच्या तपासणीच्या खोलीत, टेबलावर झोपलेल्या बाईला मान वळवली की दिसेल अशी. शेजारी स्टुलावर साबण, टॉवेल आणि एक धुतलेलं लुगडं. सोबतच्या पोरी मला पाठीमागं ‘बादलीवाल्या सिस्टर’ म्हणायच्या, आणि मला ते ऐकू यायचं. एकदा वरचे साहेब पाहणीला आले. त्यांनी विचारलं, "ही बादली कोणत्या योजनेतून आली?" मी म्हटलं, "साहेब, घरून आली." त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि चहा घेऊन गेले.

अजूनही नांदेडला वर्षातून दोन-तीनदा मला नव्या परिचारिकांना शिकवायला बोलावतात. मागच्या खेपेला नायगावकडच्या एका तरतरीत मुलीनं विचारलं, "मॅडम, तपासणीआधी बाईला अंघोळ करू द्यायची नाही म्हणता, आणि पाणी तिच्या डोळ्यांसमोर ठेवायला सांगता. हे म्हणजे भुकेल्यासमोर ताट ठेवून जेवू नको म्हणण्यासारखं झालं. बादली बाहेर ठेवली तर?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर माझं नाही, आणि ते जिनं दिलं तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय ते नीट सांगताही येत नाही. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले तेव्हा बाळंतपणाचे चार गमतीदार किस्से बाजूला ठेवून हेच लिहायला घेतलं. चकली खात वाचायचा विषय नाही हे मला कळतं. पण ज्या बाईवर बळजबरी झाली ती सणवार बघून दवाखान्यात येत नाही.

आधी कामाविषयी थोडं. अशी बाई आली की पहिल्यांदा तिला आत घ्यायचं आणि दार लावायचं. ‘आधी पोलिसात जाऊन या’ म्हणून परत पाठवायचं नाही, उपचार आधी. काय झालं ते एकदाच विचारायचं, ती सांगेल तेवढंच ऐकायचं. ‘तू तिथं गेलीसच कशाला’ हा प्रश्न जिभेवर आला तर जीभ चावायची. हात लावण्याआधी विचारायचं; ती नको म्हणाली तर नको. तिच्या अंगावरच्या खुणा, नखांतली माती, अंगावरचे कपडे हे तिच्या बाजूनं बोलणारे साक्षीदार असतात, आणि ते पाण्यानं जातात. म्हणून तपासणी होईपर्यंत अंघोळ नाही, कपडे धुणं नाही. कपडे ओले असले तर सावलीत वाळवून कागदात बांधायचे. एका हवालदारानं असे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून महिनाभर कपाटात जपून ठेवले होते; उघडले तेव्हा सगळे बुरसटलेले. बिचाऱ्यानं जपलेच होते. आणि एक सांगून ठेवते. चुकून अंघोळ झाली असली, दोन दिवस उलटले असले, तरी बाईनं यावं. सगळंच धुतलं जात नाही.

हे सगळं मी आज झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगेन. त्या दुपारी यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी त्या नव्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होते. गावाचं नाव सांगत नाही. दवाखान्याच्या पाटीवर नवा जिल्हा रंगवला होता, शिक्के मात्र जुने. कागदावर जुन्या जिल्ह्याचं नाव उमटायचं, ते पेनानं खोडून वर ‘लातूर’ लिहायचं. लोक खुशीत होते, म्हणायचे आता कोर्टकचेरी जवळ आली. कोर्टकचेरी जवळ आली, पण पाणी लांब गेलं होतं. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. विहिरींचा तळ दिसायचा, आणि दवाखान्याच्या आवारातल्या आमच्या क्वार्टरला दिवसाआड दोन बादल्या पाणी मिळायचं.

मी उदगीरकडच्या लिंगायत व्यापाऱ्याच्या घरची. अंघोळ, मग लिंगपूजा, मग चहा, हा लहानपणापासूनचा क्रम. दुष्काळात एकवेळ चहा सुटला असता, अंघोळ सुटली नसती. त्यासाठी त्या वर्षी सगळ्या घरांनी एक युक्ती काढली होती. मोठ्या परातीत उभं राहून अंघोळ करायची. परातीत साचलेल्या पाण्यात कपडे भिजवायचे. कपडे पिळून निघालेल्या पाण्यानं फरशी पुसायची, आणि उरलेलं लिंबाच्या झाडाला. एका पाण्याचे चार उपयोग. हात इतके सरावले होते की डोकं वापरावं लागायचं नाही. माझा घात झाला तो तिथंच.

ती आली तेव्हा दुपारचे अडीच-तीन झाले असतील. डॉक्टर लसीकरणाला शेजारच्या गावी गेलेले, संध्याकाळी येणार. मी एकटी. दारात एक म्हातारी एका तरण्या बाईला दंडाला धरून उभी होती. तरणीला इथं सोजर म्हणते. नाव अर्थातच बदललं आहे. बावीस-तेवीस वर्षांची. नवरा ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेला, म्हणून आईकडं राहायला आलेली. दोघी मायलेकी रोजगार हमीच्या पाझर तलावावर दगड फोडायला जायच्या.

"शिस्टरबाई, लेकराला आत घ्या वो," म्हातारी म्हणाली. "लोकं बघायलेत."

आत घेतल्यावर तिनं सांगितलं. कामावरच्या मुकादमानं सोजरला हजेरीच्या कागदावर अंगठा राहिला म्हणून बंधाऱ्यापलीकडच्या झोपडीत बोलावलं होतं. पुढचं सांगायला म्हातारीला शब्द मिळाले नाहीत आणि मीही मागितले नाहीत. ते एवढं एक मी न शिकता बरोबर केलं.

सोजर बोलत नव्हती. केसात मुरूम, बांगड्या फुटलेल्या. दोन्ही तळव्यांनी आपले दंड घासत होती, सारखी, एकाच जागी. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाई, पाणी मिळंल का?"

मी माठातलं पेलाभर दिलं. तिनं ते तोंडाला लावलंच नाही, हातावर ओतलं आणि पुन्हा दंड घासायला लागली. पाणी फरशीवर सांडलं. एरवी त्या वर्षी कुणी पाणी असं सांडलं असतं तर मी ओरडले असते. त्या वेळी मला रडू आलं.

"अंग धुवायचंय," ती म्हणाली. "घरी घोटभर पाणी न्हाई. तीन दिस झालं, टँकरच आला न्हाई."

मी क्वार्टरमध्ये पळत गेले. दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीची माझी बादली भरलेली होती. ती उचलली, दुसऱ्या हातात परात घेतली, आणि दवाखान्याच्या मोरीत सोजरला परातीत उभं करून मी तिला अंघोळ घातली. बाळंतिणीला घालतात तशी, हळूहळू. पाठीवर खरचटल्याचे लांब ओरखडे होते. बाभळीचे काटे मोडून आत राहिले होते. चिमट्यानं पाच काढले. दोन्ही मनगटं बांगड्यांनी कापलेली. दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ. मी धुतलं, औषध लावलं, तिला माझं लुगडं नेसवलं. आणि मग, कुणी सांगितलं नसताना, हाताच्या सवयीनं, तिचं लुगडं आणि परकर त्याच परातीतल्या पाण्यात भिजवले. चोळले, पिळले, मागच्या तारेवर वाळत घातले. एवढं चांगलं पाणी वाया कसं घालवायचं!

सोजर बाकावर भिंतीला टेकून झोपी गेली. म्हातारीनं माझ्या हाताला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. आपण आज काहीतरी पुण्याचं काम केलं, असं मला वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. वाटलं होतं.

डॉक्टर सहाच्या सुमारास आले. माझ्याहून लहान, नुकतेच नोकरीला लागलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कपडे कुठे आहेत?"

मी तारेकडं बोट दाखवलं. ते तारेकडं बघत राहिले, मग खुर्चीत बसले.

"सिस्टर, काय करून बसलात हे?"

त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा मला कळलं. त्या गुन्ह्याची साक्ष देणारं जे काही होतं ते मी स्वतःच्या हातानं, माझ्या वाटणीच्या पाण्यानं, साबण लावून धुतलं होतं. मुकादमाची इतकी सोय दुसऱ्या कुणाला करता आली नसती.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. आमच्या दवाखान्यात तेव्हा बाई डॉक्टर नव्हती आणि त्यांना असल्या तपासणीचा संकोच होता. त्या काळी तपासणीच्या नावाखाली जे चालायचं त्यातलं बरंचसं आता बंद झालं आहे, आणि झालं ते बरं झालं. त्यांनी उरकल्यासारखं केलं. मनगटंही धड बघितली नाहीत, पाठ तर नाहीच. कागदावर लिहिलं : अंघोळ करून व कपडे बदलून आली. अंगावर विशेष जखमा नाहीत.

मी म्हटलं, "सर, ती अंघोळ करून आली नाही."

"मग काय लिहू? सरकारी दवाखान्यात सिस्टरनं पुरावा धुतला?" ते खाली बघत म्हणाले. "तुमची नोकरी जाईल आणि मी जागेवर नव्हतो म्हणून माझीही. नवा जिल्हा आहे, नवे साहेब आहेत. धडा शिकवायला कुणीतरी हवंच आहे त्यांना."

मी गप्प बसले. नुसती गप्प नाही बसले. "उपकार झाले सर," असं म्हणाले. इतक्या वर्षांत मी रागाच्या भरात, कंटाळून, थकून पुष्कळ वाईट बोलले असेन. पण मला लाज वाटते ती त्या तीन शब्दांची.

घरी यांना सांगितलं. आमचे हे शाळामास्तर, भित्रे नव्हेत पण सावध. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कागदावर तुझं नाव आहे का?"

"नाही."

"मग झालं तर. आपण होऊन विंचवाच्या बिळात बोट घालू नकोस, महानंदा."

पुढचे सात-आठ महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. मुकादमाला पकडलं, महिन्याभरात तो जामिनावर सुटला आणि बाजारात दिसायला लागला. दवाखान्यात खाकी कपडे दिसले की ते माझ्यासाठीच आले असं वाटायचं. एकदा एक शिपाई नुसता दाढदुखीची गोळी न्यायला आला होता, तर मी त्याला पाणी विचारलं, चहा विचारला, बसायला खुर्ची दिली. तो बिचारा गोंधळून गेला. डॉक्टर पुढच्या शिक्षणाला निघून गेले. मी रोज देवापुढं बसून एकच मागायची, की केस माझं नाव न येता निकाली निघू दे. सोजर जिंकू दे असं मागायचीही, पण दुसऱ्या क्रमांकावर.

मग एके दिवशी सोजरची आई आली. दगडाखाली बोट चेचलं होतं. मी पट्टी बांधत होते आणि वर बघायचं टाळत होते.

"पंधरा दिसावर तारीख आलीय लातूरला," म्हातारी म्हणाली. "सरकारी वकील म्हणले, अवघड हाय."

"का?"

"डॉक्टरच्या कागदात हाय, पोरगी अंघोळ करून आली. आमी पैल्या जबाबात सांगितलं, कामावरून थेट दवाखान्यात आलो. पोलिसानं तिला इचारलं, मंग अंघोळ कुठं केली? तर ही म्हणली, मीच केली. घरी." म्हातारीनं दुसऱ्या हातानं पदर तोंडाला लावला. "आता मुकादमाचा वकील म्हणणार, घरात पाणी न्हवतं तर अंघोळ केली कशी? आन घरी गेली तर थेट आली कशी? एक खोटं तर सगळंच खोटं."

"पण घरी केली असं का सांगितलं तिनं? मी घातली ना अंघोळ!"

"मी बी तिला तेच म्हणलं. तर म्हणती, शिस्टरबाईनं सोताच्या वाटचं पाणी दिलं. मी तिच्या पोटावर पाय देऊ का?"

माझ्या हातात पट्टीचं टोक तसंच राहिलं. जिच्यावर हे गुदरलं होतं, जिच्याकडं गाव संशयानं बघत होतं, ती खोटं बोलली होती ते मला वाचवायला. आणि मी सात महिने देवापुढं बसून माझी नोकरी मागत होते.

त्या रात्री घरात भांडण झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सकाळी मी रजेचा अर्ज टाकून लातूरला निघाले. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. लातूरची गाडी समोर लागलेली, आणि माझे पाय उचलेनात. नोकरी गेली तर काय, पेपरात नाव आलं तर माहेरी काय म्हणतील, यांना बदलीवर कुठं फेकतील, सगळं एकदम डोक्यात आलं. मी परतीच्या गाडीत बसले आणि घरी आले. हेही लिहायलाच हवं, कारण शिकवायला उभी राहिले की पोरींना वाटतं, मॅडम मुळातच धीट असणार.

दोन दिवसांनी पुन्हा निघाले. या वेळी अहमदपूरला हे स्वतः सोबत होते. लातूरच्या गाडीत रुमाल टाकून त्यांनीच माझी जागा धरली.

सरकारी वकील वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवलेला. म्हणाले, "तुम्हाला तर कुणी बोलावलेलं नाही."

"अंघोळ मी घातली. कपडेही मीच धुतले."

त्यांनी चष्मा खाली घेतला. सगळं ऐकून घेतलं, मग बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. "बाई, स्पष्ट सांगतो. तुम्ही बोललात की पुरावा गेला हे पक्कं होईल. तो आता कुठून आणायचा नाही. पण ती मुलगी खोटारडी नाही हेही पक्कं होईल. जखमांचं काय? डॉक्टर तर नाहीत म्हणतात."

"डॉक्टरांनी पाठ बघितली नाही. मी धुतली."

"कुठं लिहिलंय?"

लिहिलं होतं. आमच्याकडं औषध वापरलं की ड्रेसिंगच्या रजिस्टरात त्याची नोंद करावीच लागते, नाहीतर बाटली कमी कशी भरली म्हणून विचारणा होते. त्या दिवशी घाईत मी एक ओळ लिहिली होती : पाठ, दोन्ही मनगटे, उजवा दंड. पाच काटे काढले. औषध लावले. तिच्यासाठी म्हणून लिहिली नव्हती, औषधाच्या बाटलीसाठी लिहिली होती. वकील पहिल्यांदा हसले. "ते रजिस्टर सांभाळा," म्हणाले.

घरी येऊन मी ते रजिस्टर रोज ड्यूटी संपताना कपाटात कुलूपबंद करायची, आणि कुलूप लागलं का बघायला अर्ध्या वाटेतून परत जायची. तारखेच्या आदल्या दिवशी कोर्टाचा माणूस येऊन ते घेऊन गेला, तेव्हा माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं आणि दुसरं चढलं.

कोर्टात दार लावून काम चाललं. सोजर बाकाच्या टोकाला बसली होती, नजर खाली. मुकादम पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखा. त्याचे वकील गोड बोलणारे होते.

"सिस्टर, नोकरीला किती वर्षं झाली?"

"सहा."

"सहा वर्षांत एवढंही समजलं नाही की पुरावा धुवायचा नसतो?"

"नाही समजलं. कुणी शिकवलं नव्हतं. पण चूक माझी आहे."

"का असं म्हणू नये, की पुरावा नव्हताच, आणि तो नव्हता हे झाकायला तुम्ही अंघोळीची गोष्ट रचली?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "साहेब, त्या दुष्काळात रचायला म्हणून बादलीभर पाणी कुणी सांडलं असतं का?"

कुणी हसलं नाही. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरी त्या वर्षी पाणी मोजून वापरलं होतं. न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मग मी पाठ सांगितली, मनगटं सांगितली, पाच काटे सांगितले, रजिस्टरची ओळ वाचून दाखवली. सांगताना एकदाच सोजरकडं बघितलं. तिनं मान वर केली होती.

निकाल लागला तो अर्धाच. विनयभंग सिद्ध झाला, तिचा जबाब विश्वासार्ह मानला गेला, आणि त्याबद्दल त्याला काही महिन्यांची कैद झाली. मोठ्या गुन्ह्यातून मात्र तो संशयाचा फायदा मिळून सुटला. कपड्यांच्या तपासणीत काही आढळलं नाही असा अहवाल होता. आढळणार कुठून? माझ्या एका बादलीनं त्याच्या शिक्षेतली कितीतरी वर्षं धुऊन टाकली. याबद्दल मनाचं समाधान मला कुठल्याही युक्तिवादानं करून घेता आलेलं नाही, आणि आता मी तसा प्रयत्नही करत नाही.

माझी चौकशी लागली, ताशेरे ओढले गेले, आणि बदली झाली ती नांदेड जिल्ह्यात, पार आंध्राच्या हद्दीजवळ. हे म्हणाले, "चला, तेलुगू शिकू." सोजरच्या नवऱ्यानं तिला ठेवली का, असं मला सगळे विचारतात. मी उलट विचारते, तिनं त्याला ठेवला का? ठेवला, पण कारखान्यावरून येऊन आधी तोंड फिरवून गेलेल्या त्या माणसाला दोन-चार वेळा दारातूनच परत पाठवून मग.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघी लातूरच्या स्टँडवर बसलो होतो, म्हातारी, सोजर आणि मी. त्यांची गाडी लागायची होती. उन्हाचा कहर होता. मी कितीतरी वेळ शब्द जुळवत होते आणि शेवटी सरळच बोलून टाकलं. "सोजर, माझ्यामुळं तो सुटला."

"पुरा न्हाई सुटला," ती म्हणाली.

"मी अंघोळ घातली नसती तर..."

"बाई," तिनं मला थांबवलं. "त्या दिसापासून लई जणांनी लई काय इचारलं. पोलिसानं इचारलं, वकिलानं इचारलं, गावानं इचारलं. मी मागितलं ते एकल्या तुमीच दिलं."

मला हुंदका आवरेना. लोक बघत होते, बघू देत. मी म्हटलं, "आता शपथ घेते. यापुढं अशी कुणी बाई आली तर तपासणी होईपर्यंत तिला पाण्याचा थेंब देणार नाही."

सोजर स्टँडवरच्या रांजणाकडं बघत होती. त्याला कुलूप होतं.

"देऊ नका," ती म्हणाली. "पर आणून ठिवा. तिच्या म्होरं ठिवा, दिसंल असं. म्हणावं, हे तुजंच हाय, कुणी नेत न्हाई, जरा थांब. मला कुणी तसं म्हणलं असतं, तर मी थांबले असते बाई. पाणी दिसत असलं ना, की माणसाला थांबता येतंय."

त्यांची गाडी लागली. खिडकीतून म्हातारीनं हात हलवला, सोजरनं हलवला नाही, नुसती बघत राहिली. गाडी वळेपर्यंत मी उभी होते.

बदलीचा हुकूम यायला अजून महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ न करताच मी माझी भरलेली बादली उचलली आणि ड्यूटीवर नेली. तपासणीच्या खोलीत, टेबलावरून दिसेल अशी ठेवली. तिला झाकण नव्हतं. घरातली ती मोठी परात आणून मी तिच्यावर पालथी घातली.